गाल टेकायची जागा

मोडीतल्या दस्त्यांच्या ढिगात चिंधाने हात घातला आणि एक ओढून उजेडाकडे धरला. मानेपाशी चिरलेला. तो टाकून त्याने दुसरा उचलला, त्याला वाळवी लागलेली. तिसरा धड होता, पण लांब. त्याच्या पोराच्या, योगराजच्या खांद्याला तो कधीच बसला नसता.

जुन्या थ्री नॉट थ्री रायफलींचे हे लाकडी दस्ते. शिपायाच्या हाताप्रमाणे आखूड-लांब यायचे. सुरतेच्या या सरकारी शस्त्रागारात चिंधाने सुतार म्हणून जन्म काढला तो त्यांच्याच संगतीत. नवा दस्ता बसवायचा, जुना घासायचा, तळहाताने जवसाचं तेल जिरवायचं. आता नव्या रायफली येऊ लागल्या होत्या आणि त्यांना लाकूडच नव्हतं. मोडीतला ढीग सोमवारी जाळायचा हुकूम निघाला होता.

मागच्या दिवाळीला योगराज फौजेतून सुटीवर आला, तेव्हा बापाची फिरकी घेत म्हणाला होता,

"आबा, आमनी बंदूक समदी प्लास्टिकनी. आते तुम्ही घर बसा."

"प्लास्टिकले काय समजस?" चिंधा फणकारला होता. "घाम पुसा का गया. लाकूड मानूसले धरी ठेवस."

जुलैत योगराज पेटीतून आला. सोबतच्या साहेबांनी चिंधाला बाजूला घेऊन सांगितलं, उघडू नका. उधन्यातल्या त्यांच्या गल्लीतले कापडाचे लूम त्या दिवशी बंद होते, त्यामुळे योगराजच्या आईचा, उषाबाईचा आवाज पार नाक्यापर्यंत गेला.

"मना आंडोरनं तोंड दखाडा! एकदाव दखाडा!"

कोणी दाखवलं नाही. चितेला अग्नी दिला तोही चिंधानेच, न बघता. त्यानंतर ती रडली नाही. शेजारणी येत, तिचे हात धरून गळे काढत, आणि ती त्यांच्याकडे परक्या घरी आल्यासारखी बघत बसे. ताटातला घास कुस्करून ठेवी. एकदाच म्हणाली, "पेटीमा कोन व्हतं, कोनले मालूम?" आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून चिंधाच्या आईने त्याचं नाव चिंधा ठेवलं होतं, काळाने ढुंकून बघू नये म्हणून. स्वतःच्या मुलाचं नाव मात्र त्याने हौसेने राजासारखं ठेवलं. ती हौस आता त्याला आतून पोखरत होती, आणि बायकोही हातची जाणार अशी धास्ती बसली होती.

म्हणून तो ढीग उपसत होता. योगराज कॉलेजात कॅडेट होता तेव्हा शिबिरात अशाच रायफलीने निशाणा शिकला होता. तिला आखूड दस्ता चिंधानेच निवडून बसवला होता. त्या रायफली दोन वर्षांपूर्वीच ट्रकात भरून कुठल्याशा डेपोत गेल्या, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आखूड दस्ता आखूडच असतो; उषाबाईच्या हाती द्यायला तो चालला असता.

शेवटी एक सापडला. डाव्या अंगाला, गाल टेकतो तिथे, घामातेलाने काळसर झालेला गुळगुळीत डाग. चिंधाने त्यावर अंगठा फिरवला, गमछ्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि वर रंधा ठेवला.

फाटकावर छगनभाई पहारेकऱ्याने नेहमीसारखी पिशवी चाचपली. त्याचा हात थांबला. चिंधाने मान खाली घातली. सरकारी माल, मोडीतला का होईना. नोकरी जायला एवढं पुरे होतं.

"जाव, चिंधाभाई," छगनभाई म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

घरी उषाबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारचे लूम खटखटत होते. चिंधाने तिच्यापुढे गमछा सोडला.

"काय शे हाऊ?"

"योगराजना शे. कालेजमा व्हता तवयना."

ती ताठ झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने स्वतःहून हात पुढे केला. लाकडावरून बोटं फिरवली, वास घेतला.

"हाई काळं काय?"

"गाल टेकस ना आठे. रोज रोज टेकी टेकी व्हस." तिच्या डोळ्यांत ओल दिसली आणि चिंधाला उत्साह चढला. त्याने दस्ता घेतला, उजव्या खांद्याला लावला, मान कलती करून उजवा गाल डागावर ठेवला. "हाई आशी."

उषाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात उचलून स्वतःच्या डाव्या गालाला लावला.

"शिबिरमाईन उना तवय त्याना डावा गाल सुजेल व्हता," ती हळूच म्हणाली. "मीच हयद लायेल व्हती."

चिंधाचा दस्ता खांद्यालाच राहिला. योगराज डावखुरा. तो दस्ता डाव्या खांद्याला लावायचा; त्याच्या गालाचा डाग उजव्या अंगाला पडला असता. शिबिरातल्या उस्तादाने दम दिला तरी त्याने खांदा बदलला नव्हता, आणि घरी आल्यावर चिंधानेच त्याला त्यावरून झापलं होतं. सगळ्या ढिगात त्याने लांबी पाहिली, लाकूड पाहिलं, आणि पोराचा हातच विसरला.

उषाबाईने त्याच्या हातून दस्ता काढून घेतला. आता ती तो फेकून देईल असं त्याला वाटलं.

"बाकीनासनं काय करतस?"

"सोमवारे जाळी टाकतीन."

"न दखता?"

चिंधाने मान डोलावली.

तिने दस्ता मांडीवर आडवा घेतला. काळ्या डागावरून पदराचं टोक फिरवलं, लेकराच्या कानामागचं पुसावं तसं.

"हाऊबी कोना तरी आंडोरनाच शे ना," ती म्हणाली, आणि वाकून तिने त्या डागावर आपला गाल टेकला.

मग ती रडू लागली. लूमच्या खटखटीत ते गल्लीत कोणाला ऐकू गेलं नाही.