बाईमाणसाची जागा

"अम्मी, खालूनच बघ. वर काय, नुसती लाकडं आहेत," शिडीच्या पायथ्याशी अम्मार म्हणाला.

"इथवर आणलंस ते वारा खायला?" म्हणत मी चपला काढून हातात घेतल्या. यांनी जिथं जन्म काढला, तिथं चपला घालून कशी चढणार?

शिडांचं जुनं लढाऊ जहाज. पूर्वी तोफा डागायचं, आता तिकीट काढून बघायचं. अम्मारचे अब्बा, हाशिम, या जहाजाचे सुतार. त्यांनी बहरीनमध्ये याच्या फळ्या बदलल्या, मी रत्नागिरीत त्यांचं घर सांभाळलं. मलाही न्या म्हटलं की म्हणायचे, "खदिजा, जहाजावर बाईमाणूस चढत नाही, बरकत जाते. येऊन करशील काय?" मी खरं मानलं. वर शेजारणींनाही तोच कायदा शिकवला.

ते वारले, आणि अम्मारनं मला इथं बहरीनला, हिद्दमधल्या त्याच्या घरी आणलं. जहाज दाखव म्हटलं की याचं आपलं एकच, दुरुस्ती चाललीय.

वर बघते तर बायकाच बायका. एक तर तोफेला टेकून फोटो काढत होती. कायदा बदलला असेल, म्हटलं.

तिथला वॉचमन रावजी, गुहागरचा. अम्मारला ओळखून धावत आला.

"म्हणजे तुम्ही हाशिमभाईंच्या मिसेस! बुरख्यात असायचात ना, म्हणून चेहरा ओळखला नाही. या, तुमची बैठक तशीच आहे."

डोलकाठीजवळ एक छोटं बाकडं होतं.

"तुमचे गुडघे दुखतात म्हणून भाईंनी मुद्दाम उंच केलं. दुपारी डबा घेऊन इथंच बसायचात. भाभी, तुमची सांदणं अजून आठवतात."

माझ्या सांदणांत हाशिमना नेहमी मीठ कमी लागायचं.

मी बाकड्यावरून हात फिरवला. कापड अडकू नये म्हणून कडा गोल केल्या होत्या. आमच्या घराचं दार अजून चौकटीला घासतं. पुढच्या रजेत रंधा मारतो, म्हणायचे.

अम्मार शिडांकडे बघत होता. लहानपणी काच फोडली की असाच आभाळाकडे बघायचा.

"तूपण खाल्लीस सांदणं?" मी हळूच विचारलं.

"अम्मी, घरी बोलू."

रावजीनं फडक्यानं बाकडं पुसलं. "बसा ना, भाभी."

"नको, भाऊ. आमच्यात जहाजावर बाईमाणूस बसत नाही."

अम्मारनं हात पुढं केला. मी कठडा धरला, चपला तिथंच फळ्यांवर टाकल्या, पायात घातल्या आणि चालू लागले.