बुडाला कडी असलेला तांब्या

मित्रांनो, मी तांब्याची घागर. वय म्हणाल तर जयाबाईंच्या लग्नाएवढं, आणि स्वभाव जळका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात माझं मन अजिबात स्वच्छ नव्हतं.

बेळगावच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. जयाबाईंच्या रुखवतातून मी त्यांच्या सासरी, अनगोळला आले. परसात विहीर होती. जयाबाई मला चिंचेनं घासायच्या, कमरेवर घ्यायच्या. "असली घागर गल्लीत कुणाकडं न्हाय," असं त्यांच्या सासूबाई चारचौघींत म्हणायच्या आणि मी फुगायची. मग नळ आला, स्वयंपाकघरात फिल्टर आला, आणि मला विहिरीजवळच्या भिंतीकडेला पालथं घातलं. अंगावर हिरवा थर चढला. पण माझ्या जागी दुसरं कुणी विहिरीवर येत नव्हतं. तेवढ्यावर मी दिवस काढले.

तेवढंही राहिलं नाही. मागच्या दोन खोल्यांत तारामती भाड्यानं राहायला आल्या. निपाणीकडच्या जैन, शाळेत टीचर. घरात नळ असून या बाई रोज सकाळी विहिरीवर! हातात पितळी कळशी, चकचकीत, तोंडाला पांढरं दुहेरी फडकं. माझ्या विहिरीचं पाणी तिच्या पोटात! मला ती कळशी डोळ्यांसमोर नको व्हायची.

बरं, पाणी गाळून गप घरात जावं की नाही? तसं नाही. फडकं उलटं करून थोडं पाणी त्यावरून एका लहान तांब्यात धरायच्या. त्या तांब्याच्या गळ्याला दोर होता, शिवाय बुडाला कडी होती, कडीला बारीक दोरी. तांब्या सावकाश विहिरीत सोडायच्या, खाली पाण्याला टेकला की बारीक दोरी ओढून पालथा करायच्या. ओठ सारखे हलत असायचे. भांड्याला बुडाला कडी कोण लावतं? हे काहीतरी वाईट आहे, असं मी ठरवून टाकलं. खरं सांगू? ते वाईट असावं अशी माझी इच्छाच होती.

जयाबाईंच्या मनातही अढी होतीच. एकदा त्यांनी रात्री आठ वाजता एका पोरीच्या हातनं तारामतींकडं पुरणपोळीचं ताट पाठवलं होतं. ते जसंच्या तसं परत आलं.

त्यातच जयाबाईंचे मालक मारुतीराव तापानं अंथरुणाला खिळले. शेजारच्या गुणाबाई परसात येऊन कुजबुजल्या, "जया, ती मास्तरीण हिरीत काय सोडत्या रोज, बघितलीस का? पालथा तांब्या सोडत्या, मंतर म्हणत्या. करणी हाय ही."

आतून मारुतीराव ओरडले, "अगं डेंग्यू हाय, डेंग्यू! रक्त तपासून आलोय न्हवं?"

"तुमी गप पडा वो!" जयाबाई म्हणाल्या.

आठवड्याभरात ही कुजबुज गल्लीभर झाली, आणि एका सकाळी विहिरीवरच जयाबाईंनी तारामतींना सुनावलं, "टीचर, म्हैना संपायच्या आत खोली सोडा."

तारामतींच्या हातातली दोरी तशीच राहिली. "काय चुकलं आक्का माझं?"

"आमच्या हिरीत काय टाकतासा ते तुमाला ठावं!"

तारामतींनी गाळायचं फडकं पुढं केलं. "ह्यात बारीक जीव अडकतात. ते ह्याच विहिरीतले. त्यांना परत त्यांच्या पाण्यात सोडायचं असतंय. वरनं ओतलं तर आपटून मरतात. म्हणून तांब्या खालपर्यंत न्यायचा आणि मग पालथा करायचा. तोंडात आमचा णमोकार मंत्र असतो."

जयाबाईंचा आवाज उतरला. "आणि ताट परत केलासा ते?"

"दिवस मावळल्यावर आम्ही जेवत न्हाई आक्का. ताट आणणाऱ्या पोरीला सांगितलं होतं मी."

ती पोरगी निरोप विसरली होती. आणि जयाबाईंनी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"ऱ्हावा की मग. मी चुकलो," जयाबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका 'चुकले' न म्हणता 'चुकलो'च म्हणतात.

"मी ऱ्हाईन वो. पण गुणाबाईंनी गल्लीभर सांगितलंय. शिकवणीची पोरं यायची बंद झाली. परवा एक पोरगं मला बघून पळालं, आक्का. माझ्याकडं बेरजा शिकलेलं पोरगं."

महिना संपायच्या आत तारामती शहापूरला राहायला गेल्या. कळशी गेली, तांब्या गेला. माझ्या मनासारखं झालं. विहिरीवर आता कुणीच येत नाही आणि मला कुणी उचलून उताणंही केलेलं नाही. दुसऱ्याची भाकरी काढून घेतली, तरी आपल्या ताटात काही पडलं नाही.

मित्रांनो, गोड बोलून मी तुमची समजूत काढणार नाही. शेजारी कुणी वेगळं जेवत असेल, वेगळं पाणी भरत असेल, वेगळ्या देवाचं नाव घेत असेल, तर त्याला पापी ठरवायची एवढी घाई का होते, ते आधी स्वतःच्या पोटात शोधा. माझ्या पोटात मत्सर होता. जीव वाचवणाऱ्या तांब्याला मी चेटकाचा तांब्या म्हटलं. आणि गुणाबाईंनी तर अजून आपला शब्द मागं घेतलेला नाही.

मी घागर आहे. मला त्या बाईला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं. मग विचारत का नाही?