फोटोतली मैत्रीण

मामाच्या मते त्या कॉलेजात जाणारी पोरं तीन प्रकारची असतात: अनवाणी चालणारी, गिटार बडवणारी आणि ही दोन्ही कामं एकदम करणारी. मामा विजेचे मीटर दुरुस्त करायचा, आणि मीटर सोडून जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर त्याचं मत ठाम असायचं.

"थोडं गणित, थोड्या कविता, थोडा इतिहास. एक ना धड, भाराभर चिंध्या!" तो म्हणाला. "चारशे पोरांचं कॉलेज ते. दिवसभर नुसत्या चर्चा करतात. आंघोळसुद्धा चर्चा करूनच करत असतील."

तरी बारकीने तिथेच नाव घातलं. बारकी म्हणजे घरातलं शेंडेफळ. अठरा वर्षांची झाली, उंचीने आईच्या वर गेली, तरी बारकीच राहिली. तिला भुरळ पडली ती माहितीपत्रकातल्या एका वाक्याची: 'इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.'

गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात तिने मामाची यादी पडताळून पाहिली. अनवाणी चालणारे सात निघाले. गिटारवाले नऊ निघाले, त्यातल्या दोघांना ती वाजवता येत होती. वाचनालयातल्या मांजरालासुद्धा एका तत्त्ववेत्त्याचं नाव होतं, आणि तेही हाक मारल्यावर नीट विचार करूनच यायचं. मामा बराचसा बरोबर निघाला. फक्त एकटीने कसं जेवायचं, हे तो सांगायला विसरला होता.

जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं आठ-आठ जणांची. त्यावर एकटं बसलं की उरलेल्या सात खुर्च्या आपल्याकडेच बघत बसतात. बारकी खिडकीजवळच्या टेबलावर भराभर जेवायची आणि ताट उचलायची. माहितीपत्रकात खोटं काहीच नव्हतं म्हणा. तिलाही सगळे ओळखत होते. 'ती खिडकीजवळची ना?' इथपर्यंत ओळखत होते.

दुसऱ्या आठवड्यात नव्या माहितीपत्रकासाठी फोटोग्राफर आला. वसतिगृहाच्या बाईंनी जाता-येता दिसलेल्या चौघांना धरलं आणि झाडाखाली बसवलं. दोघं वरच्या वर्गातले होते. तिसरी एक चष्मेवाली आणि चौथी बारकी.

"बोला, काहीही बोला, पण हसत बोला!" फोटोग्राफर ओरडला. चौघंही गप्प. "बरं, मग आकडे म्हणा! एकमेकांकडे बघून म्हणा!"

बारकीच्या तोंडात जो आला तो आकडा तिने म्हटला. "सत्त्याहत्तर."

"अठ्ठ्याहत्तर," समोरची चष्मेवाली म्हणाली, तीही अशा गंभीर चेहऱ्याने की जणू कोर्टात साक्ष देत होती.

बारकी गडबडली. "एकोणनव्वद."

चष्मेवाली फिस्सकन हसली. मग बारकी हसली. मग दोघींना आवरेना. फोटो निघाला, फोटोग्राफर 'झालं' म्हणाला, आणि चौघं चार दिशांना गेली.

आई दर रविवारी संध्याकाळी शिवणयंत्र बंद करून फोन करायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "करमतं ना गं?"

"करमतं की," बारकी म्हणायची. दुसरं काय म्हणणार? चार घरचे कपडे शिवून आईने तिला इथवर पाठवलं होतं.

बारकीने तो फोटो आईला पाठवला. आई हरखून गेली. "ही चष्मेवाली कोण गं? किती मनापासून हसतेय! मैत्रीण ना तुझी?"

"हो," बारकी म्हणाली.

त्या एका 'हो'ला पुढे पिल्लं होत गेली. दर रविवारी आई चष्मेवालीची चौकशी करायची आणि बारकी काहीतरी सांगून टाकायची. चष्मेवालीला सर्दी झाली. आम्ही दोघी तळ्यापर्यंत फिरून आलो. चष्मेवालीचं नाव तिने कधी सांगितलं नाही, कारण तिला ते माहीतच नव्हतं.

खरं तर चष्मेवाली राहायची बरोबर वरच्याच मजल्यावर. चौदा पायऱ्या चढायच्या, बस्स. पण बारकीने तिचा निकाल आधीच लावून टाकला होता. खांद्याला कापडी पिशवी, हातात कवितांचं पुस्तक, एकदोनदा तर पायही अनवाणी. म्हणजे मामाच्या यादीतलीच! अशांना मित्रमैत्रिणींचा काय तुटवडा! जिन्यात समोरासमोर आल्या की दोघी ओठांच्या कडेने हसायच्या आणि खाली बघायच्या. एकदा चष्मेवाली पायरीवर थांबली, काहीतरी बोलायला तिने तोंडही उघडलं. बारकीने घाई असल्याचं दाखवलं. घाई कसली? खोलीत जाऊन ती भिंतीकडे बघत बसली होती.

आणि मग आईचा फोन आला. "शनिवारी पालकांचा दिवस आहे ना? मी येतेय. चष्मेवालीसाठी चष्म्याचं घर शिवलंय. आतून मऊ अस्तर लावलंय. तिला सांगू नकोस हं!"

दोन दिवस तिने नुसतं मनात घोकलं. गुरुवारी दुपारी मात्र मनाचा हिय्या करून ती जिना चढली. काय बोलायचं ते पाठ होतं: 'विचित्र वाटेल, पण शनिवारी तासभर माझी मैत्रीण होशील का?'

खोलीचं दार उघडंच होतं. गादी गुंडाळून ठेवलेली, कपाट रिकामं. टेबलावर धुळीची बारीक साय.

ती तशीच खाली बाईंकडे गेली. "वरची चष्मेवाली कुठे गेली?"

बाईंनी चमकून वर बघितलं. "म्हणजे? तुला माहीत नाही? तीन आठवडे झाले तिला घरी जाऊन. वडील न्यायला आले होते."

"का?"

"करमत नाही म्हणाली. एवढंच." बाईंनी पेन खाली ठेवलं. "वडील बिचारे तुझीच चौकशी करत होते. 'फोटोतली ती मैत्रीण कुठाय, प्रत्येक फोनवर तिच्याबद्दल सांगते, जाताना भेटून तरी जाऊ.' मी म्हटलं, अहो, ती इथे खालीच राहते, हाक मारते. तर पोरगी घाईघाईने म्हणाली, नको, तिचा अभ्यास चाललाय." बाई पुढे झुकल्या. "भांडण झालं होतं का गं तुमचं?"

"नाही," बारकी म्हणाली. "आम्ही कधी बोललोच नाही."

बाईंना काही कळलं नाही. बारकीला मात्र सगळं कळलं, आणि ती तिथेच बाकावर बसली. चारशे पोरांच्या कॉलेजातून एक मुलगी निघून गेली आणि तीन आठवडे तिला, त्या मुलीच्या मैत्रिणीला, पत्ताच नव्हता!

शनिवारी आई आली. गेटातून आत आल्या आल्या पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. निळ्या-पिवळ्या तुकड्यांचं, कडेला बारीक टीप. "उरलेल्या चिंध्यांचं आहे. तुझ्या मामाला दाखवलं, तर गप्पच बसला," आई म्हणाली. "कुठाय ती?"

बारकीने आईला झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. सर्दी खोटी, तळं खोटं, 'करमतं की' सगळ्यांत खोटं. सांगताना ती रडली नाही, म्हणून आईलाच जास्त भीती वाटली.

"इतके दिवस मी रविवारी कुणाशी बोलत होते मग?" आई म्हणाली. तिला राग आला होता, आणि तो दिसत होता. पण हात चष्म्याच्या घरावरून फिरत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "नंबर असेल ना बाईंकडे?"

"आता काय उपयोग?"

"उपयोगाचं मला सांगू नकोस. हे मी तिच्या मापाने शिवलंय."

बाईंनी नंबर दिला, नावही सांगितलं. ते नाव बारकीने पहिल्यांदाच ऐकलं. बाकावर परत येऊन तिने फोन लावला. पलीकडे एका पुरुषाने उचलला.

"मी... फोटोतली," बारकी म्हणाली.

"अगं, तू होय!" तो माणूस इतक्या आनंदाने म्हणाला की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "फार बोलायची तुझ्याबद्दल. थांब हं, देतो. अगं ए, तुझी मैत्रीण!"

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. बारकीने माफीची चार वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही जवळ येईना. शेजारी आई मांडीवर चष्म्याचं घर घेऊन बसली होती.

"सत्त्याहत्तर," बारकी म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकली. कुठलं तरी दार लावल्याचा आवाज आला.

"अठ्ठ्याहत्तर," चष्मेवाली म्हणाली, आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"एकोणनव्वद," बारकी घाईघाईने म्हणाली. "ऐकतेस ना? एकोणनव्वद."