उकळलेला स्पंज

दवाखान्यात जाताना भावाने एकच गोष्ट बजावली होती. "ताई, म्हाताऱ्याला रोज चिमूटभर खायला घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

म्हातारा म्हणजे त्याचा नऊ वर्षांचा गोल्डफिश. भाऊ माणसांशी बोलायचा त्यापेक्षा जास्त त्याच्याशी बोलायचा. गुडघ्याचं ऑपरेशन, दहा दिवस मुक्काम. तेवढ्यापुरती ताई त्याच्या घरी राहायला आली होती.

पहिल्याच दुपारी तिने हात लावला. बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला फिल्टरमध्ये तपकिरी, बुळबुळीत स्पंज दिसावा आणि तिने गप्प बसावं, हे होणं नव्हतं. स्पंज आणि त्यामागच्या चिनी मातीच्या नळ्या तिने पातेल्यात टाकल्या आणि घड्याळ लावून वीस मिनिटं खळखळ उकळल्या. स्पंज पुन्हा पिवळाधमक झाला. ताईला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी म्हातारा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागला. श्वास लागलेला पेशंट ताईला लांबूनही ओळखता यायचा. तिने बाटलीत टाकीतलं पाणी भरलं आणि कोपऱ्यावरचं माशांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने चमचाभर पाण्यात थेंब टाकले. पाणी गडद हिरवं झालं.

"अमोनिया. फिल्टर धुतला होता का?"

"धुतला? उकळला!"

दुकानदार स्टुलावर बसला. "बाई, माशाच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो. तो खाऊन संपवणारे जंतू त्या स्पंजात आणि नळ्यांत राहतात. तुम्ही सगळी सफाई खात्याची माणसंच उकळलीत की!"

ताईच्या कानाची पाळी लाल झाली. "ते परत यायला किती दिवस?"

"आपसूक यायला महिना. म्हातारा तेवढा टिकणार नाही. असं करा, तस्साच दुसरा घेऊन जा. तुमच्या भावाला पत्ताही लागणार नाही."

"त्याच्या डाव्या कल्ल्यावर काळा ठिपका आहे. भाऊ त्याला तीट म्हणतो. तुमच्याकडच्याला तीट आहे?" ताईने पर्स काउंटरवर ठेवली. "मला मासा नको. तुमच्या दुकानातला सगळ्यात घाणेरडा स्पंज द्या."

"असं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय," म्हणत त्याने मागच्या टाकीतला काळपट स्पंज काढला आणि त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत बांधला. "हा तुमच्या फिल्टरात घाला. खाणं बंद. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, नवीन पाण्यात क्लोरीन मारणारे हे थेंब टाकून. सकाळ-संध्याकाळ या दुसऱ्या थेंबांनी पाणी तपासा, पिवळं राहिलं की अमोनिया गेला. आणि नळातल्या क्लोरीनने हे जंतूही मरतात, स्पंज नळाखाली धरलात तर माझ्याकडे परत येऊ नका."

घरी आल्यावर पिशवी सोडताच दर्प आला. ताई स्पंज घेऊन वळली ती थेट बेसिनकडे. डावा हात नळावर गेलासुद्धा. बत्तीस वर्षांची सवय, ती काय दुकानदाराचं ऐकणार? ताईने हात मागे ओढला, ओला स्पंज फिल्टरात बसवला आणि कपाटातून बँडेज आणून नळाच्या चावीवर चांगलं चार वेढे गुंडाळलं.

मग तिने वहीत वॉर्डात करायची तसा तक्ता आखला: तारीख, वेळ, पाण्याचा रंग, श्वास. पहिल्या ओळीत लिहिलं, "स्पंज व नळ्या उकळल्या. मी." रोज सकाळी न्हाणीघरातून बादल्या आणताना तिची कंबर बोलायची, ताई तिला उत्तर द्यायची नाही. पाचव्या दिवशी दोन्ही वेळा गडद हिरवा. सहाव्याला म्हातारा तळाशी कलंडला, तेव्हा तिने संध्याकाळीही पाणी बदललं. आठव्याला फिकट हिरवा. दहाव्या दिवशी सकाळी थेंब पिवळे राहिले आणि म्हाताऱ्याने काचेपाशी येऊन खायला मागितलं.

दुपारी भाऊ काठी टेकत आला. आधी टाकीपाशी. वाकून त्याने तीट पाहिली, मग त्याचं लक्ष बेसिनकडे गेलं.

"ताई, नळाला काय लागलं?"

ताईने वही पुढे केली. भावाने पहिली ओळ वाचली. मग सगळी पानं वाचली.

"हात लावू नकोस म्हटलं होतं."

"लावला."

त्याने फिल्टरच्या धारेखाली बोट धरलं. "धार बारीक झालीये. स्पंज तुंबलाय. मला बसता येत नाही. टाकीतलं पाणी बादलीत काढ, त्यात दोनदा पिळ."

ताईने पिळला. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. स्पंज अजूनही तपकिरीच होता.

"आणखी एकदा पिळू का रे? घाण आहे अजून."

"असू दे ताई."

ताईने स्पंज तसाच, घाणेरडा, परत जागेवर बसवला.