चौदाव्या ढिगातला दिवा

“बाई, कागद मुका असतो. जे वगळायचं ते तोंडानं वगळा. सगळ्यांच्या देखत, ढीग पुकारायच्या आधी.”

निवृत्त होताना आमच्या मोठ्या साहेबांनी मला ही एकच गोष्ट बजावली. त्यांच्या खुर्चीसोबत डेपोतल्या लष्कराच्या जादा सामानाची विल्हेवाट माझ्या देखरेखीखाली आली. विरलेले तंबू, गंजलेल्या बादल्या, हजारभर शिट्ट्या आणि एक पेटी भरून बूट, सगळे डाव्या पायाचे. सामानाचे ढीग लावायचे, त्यावर खडूनं आकडे टाकायचे, लिलाव करायचा आणि माल फाटकाबाहेर पडेपर्यंत नजर ठेवायची. एखाद्या सरकारी शाळेनं किंवा दवाखान्यानं आधी पत्र देऊन एखादी वस्तू मागितली असेल, तर ती ढिगातून वगळल्याचं देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं. नाही सांगितलं, तर ती ढिगाबरोबर गेली.

आता माझं सांगते. रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं तर हे कचेरीत कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मी बोलते तेव्हाही फारसं ऐकू येत नाही. त्यात मौनात लिहायचं नाही आणि खुणाही करायच्या नाहीत, हा नियम माझा मीच वाढवला. देवानं मागितला नव्हता. त्यानं माझ्याकडे कधीच काही मागितलेलं नाही, मीच आपली पुढे पुढे करते.

लिलाव मी कायम दुपारी दोनला ठेवायची. कारण द्यायची की सकाळी दवामुळे वजनकाटा दगा देतो. काट्यावर पत्र्याचं छप्पर आहे, हे अकरा वर्षांत कोणी बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, माझा शब्द म्हणजे शब्द. खरं तर सगळ्यांना सकाळचा चहा निवांत प्यायचा असायचा.

गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या. शिडशिडीत बाई, हातात रीतसर पत्र. त्यांना चौदाव्या ढिगातला दिवा हवा होता. तो लष्कराच्या फिरत्या इस्पितळातला होता, बॅटरीवर चालणारा आणि बगळ्याच्या पायासारखा घडी होणारा. मी तो उघडून दाखवला, लावूनही पाहिला. शेडमधली कोळिष्टकंसुद्धा लख्ख दिसायला लागली.

“वीज गेली की मी टॉर्च दातात धरते,” त्या म्हणाल्या. “परवा एका बाळंतिणीला टाके घालताना ती सुटली.”

“मग?”

“मग काय, बाई. बोटांनी चाचपत घातले.”

“दिवा तुमचा,” मी म्हणाले. “शब्द देते.”

शब्द देऊन मला इतकं धन्य वाटलं, की त्या संध्याकाळी देवापुढे एक वात जास्त लावली.

लिलावाच्या दिवशी सकाळी नऊला हेडक्लार्क सांगत आले, की दुपारी वरून तपासणी येतेय, तेव्हा अंगणात गर्दी नको, म्हणून लिलाव दहाला उरकून घेऊ. मी मान डोलावली. मान डोलावणं खुणेत धरायचं की नाही, याचा निकाल मी सोयीप्रमाणे लावते.

दहाला सगळे भंगारवाले जमले. सिस्टरचं पत्र माझ्या मुठीत होतं. तेरावा ढीग गेला. चौदाव्याशी हेडक्लार्क थांबले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी मला विचारलं, की यातून काही वगळायचंय का.

एक शब्द पुरला असता. पत्र नुसतं पुढे केलं असतं, तरी हेडक्लार्कनी तो ढीग बारापर्यंत मागे ठेवला असता. पण मी डोळे मिटले. मनात म्हटलं, ज्याचं मौन तो बघून घेईल. अकरा वर्षांचं व्रत एका दिव्यापायी मोडायचं? तेव्हा हे मला फार थोर वाटलं होतं. बघणाऱ्यांना मी डुलकी काढतेय असंच वाटलं असणार.

ढीग चुंबकनं घेतला. हा इथला जुना भंगारवाला. लोखंड आपण होऊन त्याच्याकडे चालत जातं, म्हणून हे नाव. दिव्याचा आरसा वेगळा निघेल, तांबं वेगळं निघेल, असं तो खुशीत कोणाला तरी सांगत होता. उद्या नऊला ट्रक आणतो म्हणाला.

बाराला भोंगा झाला आणि मी तोंड उघडलं. “चौदा नंबर...”

“गेला की, बाई,” हेडक्लार्क म्हणाले. “छान गेला.”

घरी सासूबाई मोजे विणत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही.

“देवाला तुझं मौन हवंय, की तुझ्यापासून घटकाभर उसंत? विचारलंस कधी?”

मी गप्प. बाराच्या पुढेही मला ते छान जमतं.

“आणि त्या बाईला दिलेला शब्द कोणाचा होता गं?”

“माझाच.”

“मग देवाला मध्ये कशाला ओढतेस?” असं म्हणून त्या टाके मोजायला लागल्या.

एक वाट होती, आणि ती मला पहिल्यापासून ठाऊक होती. माल फाटकाबाहेर जायच्या आत अधिकाऱ्यानं स्वतःची चूक लिहून द्यायची आणि घेणाऱ्यासमोर तोंडानं सांगायची, म्हणजे वस्तू परत घेता येते. पण मग सेवापुस्तकात शेरा येतो. माझं सेवापुस्तक सव्वीस वर्षं कोरं आहे. निवृत्तीच्या भाषणात ते कोण वाचून दाखवेल, हेही मी ठरवून ठेवलं होतं.

संध्याकाळी लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, ‘अपरिहार्य कारणास्तव’. फाडला. दुसऱ्यावर ‘वेळेतील बदलामुळे’, म्हणजे खापर हेडक्लार्कवर. तोही फाडला. तिसऱ्यावर ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ लिहिताना तर मला खोकलाही आला. चौथ्यावर लिहिलं, ‘मला माहीत होतं. विचारलं असताना मी बोलले नाही.’ खाली सही केली. इतकी सुवाच्य सही मी आजवर कुठल्याच कागदावर केलेली नाही.

सकाळी अंघोळ केली, दिवा लावला, हात जोडले. देवाला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून काहीच सांगितलं नाही. कागद पिशवीत घातला. चुंबकशी बोलताना आवाज फुटावा म्हणून कोमट पाणी प्यायले.

घड्याळात पावणेआठ झाले होते. सासूबाई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. अकरा वर्षांत या वेळी त्यांनी मला न बोलताच चप्पल घालून निघताना पाहिलं होतं.

“येते मी,” मी म्हणाले.

त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पाय जवळ घेऊन मला वाट करून दिली.

मी जिना उतरले आणि डेपोच्या रस्त्याला लागले.