कात्री कापडात असताना

मी एक जुनं टेबल आहे. जेवणाचं नव्हे, अभ्यासाचं नव्हे, शिंप्याचं. माझ्यावर कापड पसरायचं, खडूने आखायचं आणि कापायचं, यासाठी माझा जन्म झाला. जेवणंही माझ्यावरच झाली, अभ्यासही झाला, पण ते सगळं कापड उचलल्यानंतर. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण म्हातारपणी टेबलाला कुणीही काहीही म्हणतं. मध्यंतरी एकाने मला अडगळ म्हटलं. असो.

एका मोडीत निघालेल्या दुकानाच्या फळ्यांपासून सुताराने मला घडवलं. मास्तर, म्हणजे माझे मालक, त्याच्या डोक्यावर उभेच होते. "पाय उंच ठेवा हो," ते सारखं बजावत होते, "वाकून वाकून आमच्या वडिलांना पोक आलं." सुताराने एवढे उंच पाय लावले, की माझ्याखाली एक छोटीशी खोलीच तयार झाली. त्या खोलीत कोण राहायला येणार आहे, याची तेव्हा ना सुताराला कल्पना होती, ना मला.

मास्तरांचं घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत मी, शिलाई मशीन आणि आरसा, मागे स्वयंपाकघर. मास्तर कापड कापायचे, त्यांची बहीण मशीनवर टिपा मारायची आणि त्यांची बायको खिडकीपाशी बसून काजं-बटणं करायची. मास्तरांना एक मुलगी होती. जन्मली तेव्हा इवलीशी होती आणि रांगायला लागल्यापासून बटणांच्या डब्याशीच खेळायची, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. तिच्या आईला ती आई म्हणायची आणि मशीनवाल्या बाईंना आत्या, तेव्हा मीही तसंच म्हणतो.

त्या घरात एक कडक नियम होता. कात्री कापडात असताना कुणी बोलायचं नाही. त्याचं असं झालं, की एकदा मास्तर एका नवरदेवाचा कोट कापत होते आणि आत्याने विचारलं, "दादा, चहात साखर किती घालू?" दादांनी मान वळवली आणि कात्री खांद्याची रेघ ओलांडून भलतीकडेच गेली. त्या कोटाचं शेवटी बिनबाह्यांचं जाकीट झालं, आणि बिचारा नवरदेव ते घालून फोटोत हसला. तेव्हापासून मास्तरांनी कात्री उचलली की घर चिडीचूप. गिऱ्हाईकसुद्धा दारातच थबकायचं.

पण कात्री खाली ठेवली रे ठेवली, की आवाजच आवाज! आत्याची जीभ तिच्या मशीनपेक्षा वेगाने चालायची. उचलली जीभ लावली टाळ्याला. मास्तरही काही कमी नव्हते. आई तेवढी हळू बोलायची आणि निम्मं बोलून सोडून द्यायची, कारण उरलेलं निम्मं कुणीतरी बोलून टाकायचंच.

अशा घरात बटण बोलायला शिकली, आणि ती अडखळत बोलायची. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर गाडी अडायची. ती अडली की घरातले सगळे मदतीला धावत.

"आई, मला पां... पां..."

"पाणी हवंय का? हे घे गं राणी," आत्या पेला पुढे करायची.

बटणला पांढरा दोरा हवा असायचा. ती काही न बोलता पाणी पिऊन टाकायची. ती पोरगी तहान नसताना किती पाणी प्यायली आहे, ते मला विचारा.

कुणी तिला हसलं नाही, कुणी रागावलं नाही. तळहातावरच्या फोडासारखी जपत होते तिला. तिला त्रास नको म्हणून तिचे शब्द तेच बोलत होते. आणि बटण दिवसेंदिवस गप्प होत होती. आधी वाक्यं गेली, मग शब्द, मग नुसती मान हलायला लागली. हळूहळू घरातल्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की आपल्या पोरीला बोलणं जमणार नाही.

मला मात्र वेगळंच ठाऊक होतं. माझ्याखालच्या खोलीत बटणचं बिऱ्हाड होतं. कातरणीच्या ढिगात बसून ती चिंध्यांच्या बाहुलीशी बोलायची. आणि काय बोलायची म्हणून सांगू! सलग, स्वच्छ, कुठेही गाठ नाही. बाहुलीला रागवायची, गोष्टी सांगायची, हुबेहूब आत्यासारखी बडबड करून दाखवायची. बाहुली तिचा शब्द हिसकावून घेत नव्हती ना! मी वरून ऐकायचो आणि वाटायचं, ओरडून सांगावं सगळ्यांना. पण टेबलाला पाय असतात, तोंड नसतं.

ती शाळेत जायला लागली तेव्हा आत्या मुद्दाम बाईंना भेटून आली. "पोरीला उभं करून काही विचारू नका हो, जीव दडपतो तिचा," असं तिने सांगितलं. बाई भल्या होत्या, त्यांनी ते मनावर घेतलं. झालं, शाळेतही बटणच्या तोंडाला कुलूप लागलं.

मग शाळेत नाटक ठरलं. नदीकाठचं नाटक होतं. बाईंनी बटणला झाडाचं काम दिलं. आत्याचा आनंद गगनात मावेना. "सबंध नाटकभर स्टेजवर! आणि एक अक्षरही बोलायचं नाही! बाईंचं डोकं बघा किती चालतं!" मास्तरांनी तातडीने हिरवंगार कापड आणलं. असं झाड शिवतो की पाखरं येऊन बसली पाहिजेत, म्हणाले.

इकडे माझ्याखाली रोज वेगळंच नाटक चाललं होतं. बाहुलीला बुटाच्या खोक्यात बसवून बटण म्हणायची, "चला, चला! घाई करू नका! सगळे बसल्याशिवाय होडी सुटणार नाही!" तिला नावाडी व्हायचं होतं. नावाड्याची सगळी वाक्यं तिला पाठ होती, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला. आत्ता ही बोलली नाही, तर पुढे कधीच बोलायची नाही, असं मला आतून वाटत होतं.

एका संध्याकाळी मास्तरांनी हिरवं कापड माझ्यावर पसरलं, खडूने झाड आखलं आणि कात्री चालवली. घर चिडीचूप झालं. तेवढ्यात बटण माझ्याखालून बाहेर आली आणि माझी कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मला झाड नाही व्हायचं."

आत्याचा पाय मशीनवर थिजला. कात्री कापडात असताना पोरगी बोलली होती! मास्तरांचा हात क्षणभर थबकला, पण त्यांनी मान वळवली नाही. कात्री पुढे चालत राहिली.

"झ... झाड बोलत नाही. मला ना... ना... ना..."

आत्याचं तोंड उघडलं. आईने झटकन आपला हात तिच्या तोंडावर ठेवला. नियम म्हणजे नियम. खोलीत नुसता कात्रीचा आवाज येत होता. कच्च, कच्च. बटणची बोटं माझ्या लाकडात रुतली होती. तिचा चेहरा लाल झाला, डोळे गच्च मिटले. कुणी मदतीला आलं नाही. कुणाला येताच येत नव्हतं.

"...नावाडी व्हायचंय!"

शब्द आला. त्याच्या मागोमाग दुसरा आला, तिसरा आला. मला सगळं पाठ आहे, म्हणाली. होडी कशी वल्हवायची तेही ठाऊक आहे, म्हणाली. मधे मधे अडत होती, थांबत होती, पुन्हा निघत होती. आणि मित्रांनो, मी मास्तरांची कात्री पाहत होतो. ती केव्हाच खडूची रेघ सोडून गेली होती. झाडाचा बुंधा कापून झाला होता, फांद्याही उडाल्या होत्या. मास्तर त्या नव्याकोऱ्या कापडाच्या बारीक बारीक पट्ट्या कापत सुटले होते. कात्री थांबली असती तर घर बोलायला लागलं असतं, म्हणून ते कापत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. त्याचा डाग काही राहिला नाही, पण जागा मला आठवते.

"झालं सांगून?" मास्तरांनी विचारलं.

"झालं."

मग त्यांनी कात्री खाली ठेवली.

आत्याला रडू फुटलं. "अगं सोन्या, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू सांगू दे... देत नव्हतीस," बटण म्हणाली.

आत्या गप्प झाली. कात्री खाली असताना ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून शाळेत गेली आणि बाईंना म्हणाली, "मी मागे जे सांगितलं होतं ना, ते विसरा. विचारा तिला काय विचारायचं ते. फक्त उत्तराला थोडं थांबा."

बाईंनी थांबून ऐकलं आणि नावाड्याचं काम बटणला दिलं. नाटक मी पाहिलं नाही, मला कोण नेणार? पण घरी आल्यावर सगळं ऐकलं. बटण दुसऱ्याच वाक्याला अडली. आत्या पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी आणि पिशवीत मास्तरांची कात्री घेऊन बसली होती. मागे कुणीतरी चुळबुळ केली, तेव्हा तिने वळून असं पाहिलं म्हणे, की त्याचा खोकलाही आत गेला. मग वाक्य पूर्ण झालं आणि होडी सुटली. होडीचं शीड हिरव्या पट्ट्या जोडून आईने शिवलं होतं.

त्यानंतर घराला नवी सवय लागली. जेवताना ज्याला काही सांगायचं असेल त्याने कात्री आपल्या पुढ्यात ओढून घ्यायची, बाकीच्यांनी ऐकायचं. आत्याचे फार हाल झाले. पण एक दिवस आईनेच कात्री पुढे ओढली आणि म्हणाली, "काजं करून करून कंटाळले मी. मला कोट कापायला शिकायचंय." इतकी वर्षं हे वाक्य तिच्याजवळ होतं, ते पुरं ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं. पुढे तिने कापलेले कोट मास्तरांपेक्षा चांगले बसू लागले, हे मास्तर सोडून सगळे कबूल करतात.

बटण आता मोठी झाली आहे. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते आणि दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगते. अजूनही अडखळते. अडखळली की श्वास घेते आणि पुढे जाते. लोकांची गाडी काही त्यामुळे चुकत नाही.

माझे दिवस मात्र फिरले. लोक तयार कपडे घेऊ लागले, मास्तरांचा हात थरथरू लागला, मशीनवर झाकण पडलं. माझ्यावर रिकामे डबे आणि रद्दी साठली. एक पाय खिळखिळा झाला. जेवणापुरती माझ्यावरची रद्दी बाजूला सरकवत, एवढंच.

मग मास्तर आजारी पडले. बरे झाले, पण जीभ जड झाली. एक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. परवा जेवताना ते म्हणाले, "हे... टे... टे..."

बटणची मुलगी आत्याआजीवर गेली आहे. "टेप हवी का? टेलिफोन? टेकायला उशी देऊ आजोबा?"

बटण उठली. खुंटीवरची कात्री काढून तिने मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. नातीने ओठ घट्ट मिटले. सगळे थांबले. भात निवला. आत्याही, आता पार म्हातारी झाली आहे, पण थांबली.

"टेबल... हलतंय," मास्तर म्हणाले. "पाचर... ठोका."

एवढं ऐकायला सगळे ताटकळले होते! आत्या खो खो हसली, मग बटण, आणि सर्वांत जास्त मास्तर. मला मात्र हसू आलं नाही. इतक्या कष्टाने त्यांनी एक वाक्य जुळवलं आणि ते माझ्यासाठी होतं. रद्दी गेली. लाकडाची पाचर बटणने स्वतः ठोकली, आणि आता मी ताठ उभा आहे.

मित्रांनो, कुणी अडखळलं तर त्याचा शब्द हिसकावून घेऊ नका. प्रेमानेसुद्धा नको. थोडं थांबा. आणि तुमच्या घरी एखादं जुनं टेबल असेल, तर कधीतरी खाली वाकून बघा. कदाचित एखादी पाचर निसटली असेल. कदाचित तिथे कुणी बसलेलंही असेल, बाहुलीशी बोलत.