व्याह्यांनी पाठवलेला पंप

आमच्या ह्यांना नाकावर माशी बसलेली खपत नाही, आणि त्यांच्या जुन्या व्होल्गाच्या बॉनेटवर तर मुळीच नाही. मी या गाडीतूनच नवरी होऊन आले, म्हणून सूनही हिच्यातूनच यायला हवी, हा ह्यांचा हट्ट! आणि नेमका आमच्या मुलाच्या, एर्लानच्या, लग्नाच्या तोंडावर गाडीचा पाण्याचा पंप गेला.

आमच्या कोचकोरहून नवरीच्या गावी, नारिनला, जायचं म्हणजे मध्ये दोलोनचा घाट. पंप नाही तर इंजिन उकळणार. आणि नवरी घेऊन निघालेली गाडी वाटेत उभी राहिली, तर आपण मेलो तरी लोक ते विसरत नाहीत.

"एर्लानच्या मित्राची जपानी गाडी घेऊ या की," मी म्हटलं.

"घे ना! सुनेला बटाट्यासारखं पोत्यातही घालून आण!"

झालं. जेवणाच्या दस्तरखानावर, जिथे मी पाव ठेवते तिथे, हे तीन पंप मांडून बसले. एक बिश्केकच्या बाजारातला, नवा, चकचकीत. दुसरा शेजारच्या तालायच्या व्हॅनचा; "इंजिन सारखंच आहे हो," इति तालाय. तिसरा नवरीच्या बापाने, जोलचूने, मिनीबसवाल्याबरोबर पाठवलेला. जुना, तेलाने बरबटलेला. त्याच्याकडेही अशीच व्होल्गा आहे.

"बघितलंस? स्वतःच्या गाडीला नवा बसवला आणि काढून टाकलेला आपल्याला पाठवला. व्याह्याला भंगार देणाऱ्या घरची पोर आणतोय आपण!"

"अहो, धर्माची गाय आणि दात का नाय! बसवून तर बघा."

"तो? माझ्या गाडीला? मेलो तरी नाही!"

नवा बसवला. गावाच्या वेशीपर्यंत गेले आणि मागे पाण्याची धार लावत परत आले. मग तालायचा बसवला. बोल्ट सगळे बसले, पण दांडा मेला थोडा लांब. पंखा रेडिएटरला कर्रर्र घासायला लागला. शेवटी गुपचूप जोलचूचा उचलला. दांडा बोटांनी फिरवला, हलवून पाहिला. डगडग नाही, खरखर नाही. तो बसवून चढावर नेली, तर इंजिन थंडगार! पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठला?

"तिथे गेलो की दोन शब्द ऐकवणारच त्याला," म्हणाले.

हे बोलून मोकळे होतील, पण मग ती पोर जन्मभर माझ्या घरात बापाच्या नावाने टोमणे ऐकणार. घाटभर मी विनवत होते, "आजचा दिवस तोंड आवरा हो."

जोलचूच्या अंगणात शिरलो. भिंतीशी त्याची व्होल्गा उभी होती. बॉनेट उघडं, पंखा काढून जमिनीवर ठेवलेला, आणि इंजिनाच्या तोंडाशी पंपाच्या जागी नुसतं भोक. हे दोन शब्द ऐकवायला म्हणून तावातावाने उतरले आणि तिथेच थबकले.

जोलचू हात पसरून पुढे आला. "या या, व्याही! घाटात उकळली नाही ना?"

"अहो, तुमच्याच गाडीचा काढलात?"

"मग काय! बाजारातल्याचा काय भरवसा? हा माझ्या हाताखालून गेलेला."

"आणि तुमची गाडी?"

"ती दारात उभी राहिली तर काय बिघडलं? लेक वाटेत उभी राहता कामा नये."

ह्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. व्याह्याला अशी मिठी मारली की दोघांच्या टोप्या पडल्या. मला हसू आवरेना आणि रडूही.

निघताना पोर हमसून हमसून रडत होती. घाट आला तरी मागच्या सीटवर एर्लानशेजारी तिचे हुंदके चालूच. हे आरशातून बघत होते.

"आयजारकिन, रडू नकोस गं. मी चांगला पंप शोधतो, आणि तुझ्या बापाचा परत द्यायला जाऊ. तू चल माझ्याबरोबर."

"अहो, सुनेनं इतक्या लवकर माहेरी जायची रीत आहे का?" मी म्हटलं.

"मग पंप मांडीवर कोण धरणार? तू?"

रुमालाआडून पोरगी खुदकन हसली.